पहाटे पाचला तळ्यावर गेला होतात का?

वाचकांचे प्रश्न : शेततळ्यातली मासेशेती

नमस्कार मंडळी. या वेळी प्रश्न खूप आलेत आणि जवळजवळ सगळे पाण्याचे आहेत. श्रावण आला, चार दिवस आभाळ भरून राहिलं की हे होतंच, दरवर्षी होतं. पण गंमत अशी की दहातल्या आठ जणांनी एकच विचारलंय, "कुठलं औषध टाकू?" आणि त्या आठांपैकी एकानेही हे लिहिलेलं नाही की तळ्यात आज अंदाजे किती किलो मासा आहे आणि रोज किती किलो खाद्य पडतं. आधी ते सांगा, औषधाचं नंतर बघू. बहुतेक वेळा औषधापर्यंत जायची पाळीच येत नाही.

प्रश्न : काका, मी सांगोल्याकडचा डाळिंबवाला आहे. ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे, ३ मीटर खोल. जानेवारीत ३ हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढं मत्स्यबीज सोडलं, रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). सगळं छान चाललं होतं. गेल्या महिन्यात चार दिवस ऊन नव्हतं, पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून आणि ४०-५० मोठे कटले मेलेले. दुकानदाराने झिओलाईट, प्रोबायोटिक आणि ऑक्सिजनच्या गोळ्या दिल्या, ६ हजार गेले. आता रोज सकाळी धाकधूक होते. काय करू?

दादा, पहिलं म्हणजे मोठे मेले आणि छोटे वाचले, आणि तेही पहाटे, म्हणजे हा रोग नाही आणि विषही नाही, हा सरळ सरळ ऑक्सिजन संपल्याचा प्रकार आहे. मोठ्या माशाला जास्त लागतो म्हणून तो आधी जातो, त्यात कटला सगळ्यात नाजूक.

आता हे का झालं बघा. तुमच्या तळ्याचं पाणी हिरवं आहे ना, ते हिरवेपण म्हणजे बारीक शेवाळ, डोळ्याला सुटं दिसत नाही एवढं बारीक. दिवसा ऊन असलं की तेच शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, आणि रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे तिघं मिळून तो खातात. म्हणजे दिवसा कमवायचं आणि रात्री खर्च करायचं असा हिशोब आहे, आणि सगळ्यात कमी शिल्लक कधी, तर सूर्य उगवायच्या जरा आधी. चार दिवस ऊन नाही म्हणजे कमाई नाही आणि खर्च तर चालूच, पाचव्या पहाटे खातं रिकामं. पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असला की मासा निवांत असतो, ३ च्या खाली गेला की खाणं सोडतो, आणि त्याहून उतरला की वर येऊन तोंड मारायला लागतो. त्यात पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो, २० अंशाच्या पाण्यात ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच.

पण खरा घोळ ढगांचा नाही, रागावू नका. हिशोब करू. ३ हजारातले २ हजार जगले धरा आणि सरासरी ३०० ग्रॅमचे झाले धरा, तर ६०० किलो मासा झाला. वजनाच्या ३ टक्के खाद्य म्हटलं तर तुम्ही रोज १८ किलो खाद्य टाकताय, थोडं इकडे तिकडे. तुमचं तळं ९०० चौरस मीटर, म्हणजे ९ गुंठे, म्हणजे गुंठ्यामागे २ किलो. आणि एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, नसलेलं तळं गुंठ्यामागे रोज फार तर अर्धा किलो खाद्य पचवू शकतं, त्याच्या पुढे नाही, कारण माशाने खाल्लेल्यातलं बरंचसं विष्ठा आणि अमोनिया होऊन पाण्यातच राहतं आणि न खाल्लेलं सगळंच राहतं. तुमच्या तळ्याची ताकद साडेचार किलोची, तुम्ही चौपट टाकताय. कागदाच्या तळ्यात खाली माती पण नसते जी थोडंफार सांभाळून घेईल, सगळा गाळ कागदावर तसाच बसून राहतो.

मी स्वतः हेच करून बसलोय म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी एका लग्नाला तीन दिवस गेलो, गड्याला सांगून गेलो की खाद्य चुकवू नकोस, आणि त्याने बिचाऱ्याने खरंच चुकवलं नाही, आभाळ भरलेलं असताना, मासे खात नसताना, मोजून बादल्या ओतत राहिला. परत आलो तेव्हा वास फाट्यापर्यंत येत होता. चूक त्याची नव्हती, माझी होती.

तर आता उपाय, स्वस्तातला आधी.

आजपासून खाद्य चौथ्या हिश्श्यावर, साडेचार किलोवर आणा, आणि ज्या दिवशी आभाळ असेल त्या दिवशी अजिबात टाकू नका. मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तर मरत नाही. खाद्य कधीही पहाटे टाकू नका, ऊन चांगलं वर आलं की नऊ-दहाला टाका, तेव्हा पाण्यात ऑक्सिजन असतो आणि पचवायला तो लागतो. फेकून टाकण्यापेक्षा रिकाम्या खताच्या पिशव्या स्वच्छ धुवून त्यांना खालून भोकं पाडा, पेंड-कोंडा त्यात भरून दोरीवर लटकवा, मासे येऊन चोखत राहतात आणि दोन तासांनी पिशवी वर काढली की किती उरलं ते कळतं. उरलं तर उद्या तेवढं कमी. याला पैसे लागत नाहीत आणि खाद्याचेच वाचतात, आणि मासेशेतीत निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचाच असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं, मासे विरळ करा. तुमच्या तळ्यात एरेटरशिवाय ८००-९०० मासे ठीक, म्हणजे चौरस मीटरला एक. बीजवाला नेहमी जास्तच सांगणार, त्याचा धंदाच तो आहे. ३०० ग्रॅमचा रोहू आठवडी बाजारात जातो, भाव कमी मिळेल, मिळू दे, मेलेल्याला काहीच मिळत नाही. पण जाळं ढगाळ दिवशी ओढू नका आणि पहाटेही नको, आधीच गुदमरलेल्या माशांमध्ये जाळं ओढलं तर उरलेलेही जातील.

तिसरं, तुमच्याकडे डाळिंबाला पाणी द्यायची मोटर आहेच. तिचा फुटव्हॉल, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपच्या टोकाची झडप, तळाशी असतो ना, बागेला पाणी देताना तो तळाशीच राहू द्या, म्हणजे सगळ्यात घाण, अमोनियावालं पाणी झाडांना जाईल, झाडांना ते खतच आहे, आणि वरून विहिरीचं ताजं पाणी तळ्यात घ्या. पाणी बदलायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही, तुम्ही पाणी असंही देणारच होतात. फक्त ठिबक चोंदतं, म्हणून सँड फिल्टर पाहिजेच आणि त्याचं बॅकवॉश रोज. ताजं पाणी बोअरचं असेल तर पाईप पाण्यात बुडवून सोडू नका, बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, उंचावरून दगडावर किंवा पत्र्यावर आपटून, फवारा होऊन पडू द्या.

आणि हवा मारायची असेल तेव्हा उलटं. तेव्हा फुटव्हॉल तळाशी ठेवून गाळ ढवळला तर आणखी घात होतो. एका रिकाम्या कॅनला फुटव्हॉल बांधा, पाण्याखाली अर्ध्या मीटरवर लटकता राहील असा, आणि डिलिव्हरीच्या पाईपला बारीक भोकं पाडून फवारा परत तळ्यात सोडा. याने आख्खं तळं काही भरत नाही पण एक कोपरा तरी तयार होतो जिथे मासे येऊन जीव वाचवतात.

आता तुम्ही म्हणणार, काका, पहाटे लाईट कुठे असते. बरोबर आहे, बऱ्याच ठिकाणी थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, आणि नेमकी हवी तेव्हा नाही. म्हणून एक युक्ती सांगतो जी फार लोक करत नाहीत. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी बारा ते तीन वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, इतका की जास्तीचा हवेत उडून जातो, आणि तेव्हाच ३ मीटर खाली जवळजवळ काही नसतं, कारण गरम पाणी वर तरंगतं आणि थंड खाली पडून राहतं, दोन थर मिसळतच नाहीत. अशा वेळी तरंगत्या फुटव्हॉलने वरचं पाणी घेऊन दुसऱ्या टोकाला पाईप खोलवर सोडून तास-दीड तास फिरवा. म्हणजे दुपारचा फुकटचा ऑक्सिजन खाली साठवला जातो आणि रात्रीला कामी येतो. सोलर पंपवाल्यांना तर हे फारच सोयीचं, तो दुपारीच जोरात चालतो. मात्र तळाला वर्षाचा काळा गाळ असेल तर पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच, हळूहळू वाढवा, एकदम सगळं ढवळू नका. पहिल्या जोराच्या पावसात मासे मरतात ते याचसाठी, वरचं पाणी अचानक थंड होऊन खाली बसतं आणि खालचं कुजकं पाणी वर येतं.

ऑक्सिजनच्या गोळ्यांचं सांगतो, त्या खोट्या नसतात, पण हिशोब करा. तुमचं तळं काठोकाठ भरलं तर साधारण २२ लाख लिटर पाणी. त्यात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम ऑक्सिजन वाढवायचा तर २ किलोच्या वर शुद्ध ऑक्सिजन लागतो. त्या गोळ्यांमध्ये किलोमागे जेमतेम १००-१२५ ग्रॅम निघतो. म्हणजे एका मिलिग्रॅमला १८-२२ किलो गोळ्या. तुम्हाला किती दिल्या होत्या? एक किलो? झिओलाईटचंही, म्हणजे अमोनिया शोषणाऱ्या त्या भुकटीचंही तसंच, थोड्या पाण्याला ठीक आहे, २२ लाख लिटरला नाही.

आणि रोज पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर जा, हे सगळ्यात स्वस्त यंत्र. मासे वर दिसले तर टाळी वाजवा. झटकन खाली गेले तर अजून वेळ आहे, त्या दिवशी खाद्य बंद. टाळी वाजवून, बॅटरी मारून पण हलले नाहीत तर लगेच मोटर, इंजिन, जे असेल ते चालू करा, शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आधीच बोलून ठेवा. मी एकदा काहीच मिळालं नाही तेव्हा घरच्या सगळ्यांना घेऊन बादल्यांनी पाणी उपसून वरून ओतलंय दोन तास, हसू नका, निम्मे वाचले.

प्रश्न : जुन्नर भागातून लिहितेय. आमचं तळं मी बघते. पाणी हिरवं झालं की सासरे म्हणतात घाण झालं, काढून टाका. नवरा म्हणतो हिरवं चांगलं असतं. कोण बरोबर?

ताई, दोघंही बरोबर आणि दोघंही अर्धे. हिरवं चांगलं, पण किती हिरवं हे महत्त्वाचं. दुपारच्या आत, पाणी शांत असताना, हात सरळ पाण्यात घाला, तळहात आडवा ठेवून, आणि बघत राहा तळहात कुठे दिसेनासा होतो. मनगट बुडेपर्यंतच दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय, खाद्य आणि शेण दोन्ही बंद, तळातलं थोडं पाणी शेताला काढा. कोपराच्या आसपास दिसेनासा झाला, म्हणजे साधारण ३० ते ४० सेंटिमीटर, तर उत्तम, काही करू नका, खरंच काही करू नका. कोपर चांगलं बुडालं तरी तळहात स्वच्छ दिसतोय तर पाणी उपाशी आहे, माशाला नैसर्गिक खाणं नाही, गुंठ्याला १० किलो शेण पाण्यात कालवून द्या आणि पंधरा दिवस थांबा.

फक्त एक लक्षात ठेवा, रंग पोपटी किंवा थोडा तपकिरी हिरवा असेल तर ठीक, पण वर ऑईल पेंट सांडल्यासारखी निळसर हिरवी साय धरली आणि वाऱ्याने एका काठाला गोळा व्हायला लागली तर ते वेगळं शेवाळ, ते वाईट. ती साय सकाळी जुन्या साडीने ओढून काढता येते, दोघींनी दोन टोकं धरायची. आणि कृपा करून त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू नका. तुमच्या भागात द्राक्षवाल्यांच्या घरात बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी मोरचूद असतंच आणि कोणीतरी सांगतंच की टाका. शेवाळ मरतं, खरंय, पण सगळं एकदम मरतं, मग ते कुजतं, कुजताना तळ्यातला सगळा ऑक्सिजन ओढतं आणि दोन दिवसांनी मासे जातात. मोरचुदाने मेले असं कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : जालना जिल्ह्यातून. शेजारी दर महिन्याला ५० किलो चुना टाकतो, म्हणतो पाणी निर्मळ राहतं. मी पण सुरू केला तर मासे सुस्त झाले. चुना चांगला की वाईट? आमचं पाणी बोअरचं आहे.

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला कारण चुन्याबद्दल आपल्याकडे जेवढा अंधविश्वास आहे तेवढा लिंबू-मिरचीबद्दल पण नसेल.

चुना आंबट पाण्याचं औषध आहे. आणि आपला मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राचा पठारी भाग, हा जवळजवळ सगळा काळ्या बेसाल्टचा, इथल्या बोअरच्या पाण्यात चुनखडी आधीच विरघळलेली असते. भांड्याला पांढरा थर बसतो ना, तोच. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आंबट, वर त्याच्या उलट. असं पाणी मुळात ८ च्या आसपास पीएचचं, त्यात शेवाळ दुपारी तो आणखी वर नेतं, साडेआठ, नऊ. त्यात तुम्ही कळीचा चुना टाकला की आणखी वर.

आता यात वाईट काय? अमोनिया. माशाच्या अंगातून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया सतत येत असतो, पण तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी आणि एक विषारी, आणि कुठल्या रूपात किती हे पीएच ठरवतो. पाणी २८ अंशाचं असेल तर पीएच ७ ला शंभरातला एक भागही विषारी नसतो. ८ ला सहा-सात भाग. आणि ९ ला चाळीस. अमोनिया तेवढाच, पाणी तेच, फक्त पीएच चढला आणि विष साठ पटीने वाढलं. तुमचे मासे सुस्त झाले ते बहुतेक यामुळेच. शेजाऱ्याचे का मरत नाहीत? त्याच्याकडे मासे कमी असतील, किंवा पाणी जास्त बदलत असेल, किंवा मरत असतील आणि तो सांगत नसेल.

काही शे रुपयांत पीएच आणि अमोनियाचं किट मिळतं, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातही मिळतं, शेतीची सगळी दुकानं फिरायची गरज नाही. पीएच दिवसातून दोनदा बघा, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, एकदाच बघून काही कळत नाही. सकाळी साडेसात आणि दुपारी साडेआठ असेल तर मजेत राहा. सकाळी आठ आणि दुपारी साडेनऊ असेल तर शेवाळ फार वाढलंय, खाद्य कमी करा आणि पाणी बदला. चुना बंद, आजच. मातीच्या तळ्यात दोन हंगामांच्या मध्ये तळ सुकवून हेक्टरी २००-२५० किलो चुना टाकायची शिफारस असते, म्हणजे गुंठ्याला दोन-अडीच किलो, ती मातीसाठी असते आणि तेव्हा तळ्यात मासे नसतात. तोच आकडा लोक मासे असलेल्या कागदाच्या तळ्याला लावतात.

याच्या अगदी उलट एक प्रश्न आलाय, तो इथेच घेतो.

प्रश्न : सिंधुदुर्गातून. आमच्या जांभ्याच्या जुन्या चिरेखाणीत पाणी असतं, ५ गुंठे असेल. मासे सोडले पण वाढतच नाहीत. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. पट्टीवर पीएच साडेपाच आला.

भाऊ, तुम्हाला मात्र चुना हवा, आणि भरपूर हवा. जांभ्याचं पाणी आंबट आणि रिकामं, त्यात शेवाळच धरत नाही म्हणून काचेसारखं. काचेसारखं पाणी प्यायला चांगलं, माशाला नाही. गुंठ्याला १० किलो या हिशोबाने ५० किलो चुनखडीची पावडर, कळीचा चुना नको, तो एकदम भडकतो. तीन हप्त्यांत, दर आठवड्याला एक, पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडायची. पण आत्ता नको! तुमच्याकडे अजून धो धो पडतोय, खाण भरून वाहतेय, टाकलेलं सगळं ओढ्याला जाईल. दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडला की सुरुवात करा, पट्टीवर ७ दिसायला लागलं की मग गुंठ्याला २० किलो शेण, आणि पाणी हिरवट झाल्यावरच नवीन बीज. खाणीच्या भिंती उभ्या असतात, वारा लागत नाही, म्हणून फार खोल असेल तर तळाचं पाणी मेलेलंच समजा आणि मासे कमीच ठेवा, सगळे मिळून ३०० पुरे.

प्रश्न : गोंदियाकडून. धानाच्या बांधीशेजारी आमची बोडी (छोटं मातीचं तळं) आहे. पावसात पाणी दुधाच्या चहासारखं होते आणि महिनाभर तसंच राहते. तुरटी टाकू का?

टाकू शकता, पण आधी एक काचेची बाटली भरून दोन दिवस खिडकीत ठेवा. दोन दिवसांत गाळ खाली बसला तर बोडीतला पण बसेल, फक्त कोणीतरी रोज ढवळतंय. कोण ढवळतंय ते शोधा. म्हशी उतरतात का? पाळीवर गवत आहे का, की उघडी माती पावसाने धुऊन येते? आणि बोडीत सायप्रिनस किती आहेत? तो मासा डुकरासारखा तळ उकरतो, मातीच्या बोडीत तो फार झाला की पाणी कधीच निवळत नाही. म्हशींना वेगळा घाट, पाळीवर गवत, सायप्रिनस कमी, झालं काम.

दोन दिवसांनीही बाटली तशीच चहा दिसली तर ती चिकणमाती आहे, आपणहून बसणार नाही. मग तणसाच्या (धानाच्या वाळल्या काडाच्या) पेंढ्या बांधून चार कोपऱ्यात टाका, ते कुजताना माती धरून खाली बसवतं, पण थोडंच, गाडीभर टाकलंत तर कुजण्यात ऑक्सिजन जाईल. नाहीतर तुरटी, पण मोजून. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा, २० लिटरच्या तीन बादल्या बोडीच्या पाण्याने भरा, एकीत हे पाणी २० मिली, दुसरीत ४०, तिसरीत ६०. तासाभरात ज्या सगळ्यात कमीवाल्या बादलीत निवळलं तो तुमचा डोस. पहिलीत निवळलं तर लाख लिटरला १ किलो, दुसरीत तर २, तिसरीत तर ३. तुरटीने पीएच उतरतो, तुमच्याकडचं पाणी फारसं जड नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पट्टी लावून बघा आणि उतरला असेल तर थोडा चुना. आणि पाऊस चालू असताना हे काहीच करू नका, पैसे पाण्यात म्हणतात ते हेच.

प्रश्न : बायोफ्लॉकमध्ये (टाकीत जंतू वाढवून पाणी साफ ठेवायची मासेशेती) गूळ टाकतात तसा शेततळ्यात टाकला तर अमोनिया कमी होईल का?

एरेटर चोवीस तास चालत असेल तर होईल. नसेल तर गूळ खाऊन जे जंतू वाढतात तेच तुमचा ऑक्सिजन संपवतील. चहात टाका.

प्रश्न : निफाडहून. दुपारी दोन वाजता एकदम सगळे मासे मेले, लहान-मोठे सगळे, अगदी पाण्यातले किडेसुद्धा. आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत होते. ऑक्सिजनच का?

नाही. भर दुपारी, सगळ्या आकाराचे आणि किडेसुद्धा, म्हणजे विष. सायपरमेथ्रिन, लॅम्डा वगैरे फवारणीची कीटकनाशकं माशाला इतकी घातक असतात की फवारणीचा पंप तळ्यात धुतला तरी पुरे, किंवा वारा तुमच्या तळ्याकडे असताना शेजारच्या बागेत फवारणी झाली तरी. त्या दिवशी कोणी काय फवारलं आणि पंप कुठे धुतला ते विचारा, भांडायला नाही, पुढच्या वेळेसाठी. मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, कोंबड्यांना पण घालू नका, चुना घालून खोल पुरा. (बघा, इथे चुना लागला.) पाणी थोडं थोडं बदलत राहा आणि महिन्याभराने एका टपात तळ्याचंच पाणी घेऊन त्यात दहा बोटुकली तीन दिवस ठेवून बघा, जगली तर बीज सोडा.

प्रश्न : उन्हाळ्यात तळं रिकामं झाल्यावर खालचा काळा गाळ काढायलाच हवा का? मजुरी परवडत नाही.

कागदाच्या तळ्यात हवाच, दरवर्षी. पण फावडं, खोरं चालवू नका, ५०० मायक्रॉनचा कागद असला तरी फाटतो आणि मग गाळापेक्षा कागद महाग पडतो. शेवटचं वीतभर पाणी राहिलं असताना खराट्याने, रबरच्या वायपरने गाळ ढवळून मोटरपाशी ढकलत न्या आणि पाण्याबरोबरच झाडांच्या बुडाला सोडा, ठिबकमधून नाही, मोकळ्या पाईपने. दोन माणसं, एक दिवस. पायात चप्पल नको, शेवाळावर घसरता, मी पडलोय.

प्रश्न : काका, तळ्याचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तुम्हाला कुरिअरने पाठवतो, तपासून सांगाल का?

नका पाठवू. क्षारांचं, जडपणाचं एक वेळ कळेल, पण ऑक्सिजन आणि पीएच बाटलीत तासाभरातच बदलतात, माझ्यापर्यंत येईस्तोवर ते तुमच्या तळ्याचं पाणी उरणारच नाही. त्यापेक्षा फोटो पाठवा, हात पाण्यात घातलेला, तळहात दिसेनासा होतो तिथे थांबलेला. सोबत लिहा : किती गुंठे, किती मासे, एका माशाचं वजन, रोजचं खाद्य, सकाळ-दुपारचा पीएच, आणि पहाटे पाचला मासे कुठे होते.